गिरदावरकाकांची शुमारी

एकच बैलगाडी मी दिवसात चार वेळा मोजली आणि त्यावर भैंसा गावाचा पुढल्या वीस वर्षांचा रस्ता आखला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नगर आराखड्याच्या कामावर मी नवा होतो. चौकातल्या हॉटेलात चहा पीत कागदावर रेघोट्या ओढणं म्हणजे वाहतूक गणना, असा माझा समज होता.

माझ्या मदतीला दिलेले गिरदावरकाका महसुलातून गिरदावर, म्हणजे मंडळ निरीक्षक, म्हणून निवृत्त झालेले. जनगणनेला ते मर्दुमशुमारीच म्हणत. कुठेही मोजायला गेले की पहिला तासभर कागद काढत नसत, नुसते बघत बसत. मला ते आळशी वाटायचे. वस्तीत माणसं किती, हे ते पिठाच्या गिरणीवाल्याशी गप्पा मारून सांगत. माझं सूत्र त्यांच्या आकड्याजवळ पोचलं, की मी सूत्राचं कौतुक करी.

मी धरलेल्या वाहतूकवाढीच्या दराने रस्ता ऐंशी फुटी निघाला. नकाशावरची लाल रेघ भाजीवाल्यांच्या अकरा दुकानांवरून गेली. काकांनी ती बराच वेळ पाहिली.

"साहेब, ह्या गाड्या चालल्या कुठं?"

मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि चौकातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाच्या आऱ्याला पुसला. दुपारपर्यंत चुना लागलेल्याच गाड्या परत परत समोर येऊ लागल्या. कापूस भरून आलेले कास्तकार भाव विचारत गावाच्या या टोकाच्या जिनिंगवरून त्या टोकाच्या जिनिंगला जात, आणि पटला नाही की माघारी येत. माझी वाहतूक म्हणजे त्यांची घासाघीस होती.

आराखडा परवा वर जाणार होता. वरच्या साहेबांना तुम्हीच समजावा, असं मी काकांना विनवलं.

"काऊन? शुमारी तुमची, तुमीच सांगा. अकरा घरं त्या दुकानांवर जगून राह्यली."

गेलो. स्वतःचाच आकडा चुकीचा आहे हे पटवून देताना मला जेवढा घाम फुटला, तेवढा तो काढताना फुटला नव्हता. रेघ मागे सरकली, दुकानं राहिली, आणि माझी बदली बेल्लमपल्लीला झाली.

काका गेल्याचं नव्वदच्या दशकात कधीतरी उशिरा कळलं. बोथ गावी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला कसं घडवलं, हे काकूंना मी बरंच लांबवून सांगितलं.

"तेबी तुमच्याबद्दल सांगत," काकू म्हणाल्या. "म्हनत, मानूस सच्चा हाय, पन त्याले एकट्याले मोजाले बसवू नोका."