गोळीभोवतीची चिंधी

फणसाला टेकवलेल्या फळीवर चुन्याचा ठिपका आहे आणि माझ्या गोळीचं भोक त्याच्यापासून चांगलं वीतभर लांब पडलंय. डुकरांपासून भात राखायची ठासणीची बंदूक तीच, दारूचं माप तेच, शिसंही तेच. फक्त गोळीभोवती गुंडाळायची चिंधी आज मी कापली. इतकी वर्षं ती माझी बायको कापायची, जुन्या लुगड्याची, एकसारखी गोल. म्हणायची, "अहो, नेमात माझाही वाटा आहे हो." मी म्हणायचो, "गप गं, चिंध्यांनी कुणाचा नेम लागलाय?" श्रावणात ती गेली. शाळा माझी दोनच इयत्ता, पण ही फळी मला वाचता येते. जन्मभर कुणापुढे चूक कबूल केली नाही. आज करायचीय, तर जिच्यापुढे करायची तीच नाही.