आतोबांचं रशियन

माझ्या आतोबांइतका भित्रा माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत शोधून सापडणार नाही. पाल, विजेचं बिल, गायीची शिंगं, बँकेतून आलेला फोन, सगळ्यांचीच त्यांना भीती वाटते. आमच्या भागात वरचेवर भूकंपाचे धक्के बसू लागल्यापासून तर त्यांनी आपली खाट कायमची अंगणात काढली आहे. आत स्वयंपाकघरात भांडं पडलं, तरी हे "हलली, हलली!" करत थेट रस्त्यावर. पण यंदा त्यांनी सगळ्यांत मोठी धास्ती घेतली ती नातीची. त्यांची लेक शिकायला म्हणून रशियात गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. तिची पाच वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आजोळी येणार होती आणि तिला रशियनखेरीज काहीच येत नव्हतं. "पोर मला बघून रडली आणि मला तिची समजूतच घालता आली नाही तर?" असं म्हणून आतोबा मोबाइलवर रशियन शिकायला बसले.

नामं, क्रियापदं कशीबशी पार पडली. घोडं अडलं ते 'प्रत्येक', 'सगळा', 'कुठलाही', 'स्वतः' अशा सर्वनामांपाशी. रशियनमध्ये हीसुद्धा नामाप्रमाणे रूपं बदलतात, हे कळल्यावर त्यांना घामच फुटला. मग चिकूच्या वाडीत सराव सुरू झाला. एकेक चिकू उचलून "काझ्दी", म्हणजे प्रत्येक. अख्ख्या ढिगाकडे हात करून "व्येस", म्हणजे सगळा. चिकू निवडणाऱ्या बायका विचारायच्या, "शेठ, यंदा माल रशियाला चालला का?" 'ल्युबोय' म्हणजे 'यातला कुठलाही', हे मात्र त्यांच्या पचनी पडेना. "पेटीत वर मोठे आणि खाली बारीक भरणारा माणूस 'कुठलाही घ्या' म्हणेल का रे?" तो शब्द त्यांनी तसाच सोडून दिला.

नात आईबरोबर आली. आठवडाभर आतोबा तिच्याशी अक्षर बोलले नाहीत. चुकीचं रूप तोंडातून जाईल या भीतीने दाराआडून नुसते बघत राहायचे. एका दुपारी लेक डहाणूच्या बाजारात गेली असताना मोठा धक्का बसला. कौलं खडखडली, आम्ही सगळे बाहेर पळालो. बघतो तर नात नाही. ती पलंगाखाली शिरून रडत होती. मी पुढे होणार, तेवढ्यात आतोबा घरात घुसलेसुद्धा. पलंगाखाली डोकं घालून त्यांनी तोंड उघडलं, पण सगळं पाठांतर उडालं होतं. शेवटी एवढंच निघालं, "या साम बायूस." म्हणजे, मी स्वतःच घाबरलोय. पोरीने डोळे पुसले, आजोबांचं बोट धरलं आणि त्यांना अंगणात घेऊन आली.

सुट्टी संपली, ती परत गेली. परवा फोनवर तिने विचारलं, अजून जमीन हलते का? आतोबांनी ठासून "नाही" सांगितलं. त्याच सकाळी आम्ही दोघं अंगणात पळालो होतो. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "खरं सांगितलं तर तिची आई तिला पुन्हा पाठवायची नाही रे."