एकेका तुकड्याची ओटी

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी खानापूरकडच्या आमच्या देवीला नवस बोलले, "हे पूर्वीसारखे होऊ देत, खणानारळानं ओटी भरीन." त्याच सुमाराला सून विद्या ऑफिसचं काम घेऊन टिळकवाडीच्या घरी येऊन राहिली. एका खोलीत आजारी माणूस आणि कॉम्प्युटर असला की किस्से साठतातच!

विद्याचं काम प्रोटीनचं. कॉम्प्युटर प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधतो, ही खऱ्या आकाराशी ताडून मार्क देते. एकदा स्क्रीनवर दोन गोळे नि मध्ये दोरा दिसला.

"आई, गोळे दोन्ही बरोबर आलेत. मधला सांधा लवचिक, तो तेवढा वेगळा वळला. अख्खं ताडलं की नापास! म्हणून सांध्यावर कापायचं. जेवढा भाग एकसंध हलतो तो एक डोमेन, त्याला वेगळे मार्क."

"म्हणजे आम्हा जावांसारखं!" मी म्हटलं. "एकेक चांगली, शेजारी बसवली की नापास!"

ह्यांच्या ओठाचा एकच कोपरा हसला.

•

विद्याचा सहकारी इराण्णा. त्यानं एका प्रोटीनचे चिमूट-चिमूट तुकडे केले. विद्या फोनवर ओरडली, "इराण्णा, इतकं बारीक चिरलं तर कसलाही अंदाज पास होईल! कोशिंबीर करायची हाय काय?"

"पास झालं की बरं वाटतंय बघा, मॅडम!"

फोन स्पीकरवर होता. हे पलंगावरून ऐकत होते.

•

नणंदबाई भेटायला आल्या आणि ह्यांच्यासमोरच म्हणाल्या, "अण्णा पूर्वीचा राहिला न्हाय गं!"

विद्या म्हणाली, "आत्या, अख्खं ताडू नका. बोलणं परत आलंय, त्याचे मार्क द्या की!"

मी उठले आणि ओटीचं ताट काढलं.

•

देवळात पुजाऱ्यांनी विचारलं, "मालक हिंडाय-फिराय लागले व्हय?"

"न्हाय. बोलाय लागले."

"आणि पाय?"

"पायाचं वेगळं."

"देवीलाच हिशेब घातलासा की, आक्का!"

•

पायाची ओटी भरायची वेळ आलीच नाही. दुसरा झटका आला. डॉक्टरांनी विद्याला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. मी विचारलं नाही. दोन्ही हात गेले. बोलणं तेवढं राहिलं, तेही अडखळत.

परवा सकाळी तोंड पुसताना ह्यांची करंगळी हलली. मी धावत जाऊन खण आणला, नारळ आणला.

"विद्या, एवढ्याला डोमेन म्हणता येतंय न्हवं गं?"

पलंगावरून हे म्हणाले, "लई... बारीक... चिरायलीस गं."

मी ओटी भरली. तुमच्या घरी कुणी असं पडून असेल तर तुम्हीही बोला हो नवस, एका करंगळीचा का होईना.