बंद खिडकी आणि वेगळं ताट

विमलादीदींचं नाव आधी घेते, आजाराचं मागून. त्या फिजीच्या. कॅनडातल्या सरेमध्ये हॉटेलांच्या चादरी धुणारी एक लाँड्री आहे, तिथे आम्ही दोघी एका टेबलाशी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालायचो. त्या नसत्या तर हे लिहायला मी नसते. माझ्या लेकीचं, सईचं काय झालं असतं, ते तर मी मनातही आणत नाही.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाल्या, "टीबी आहे." फोनवरच्या दुभाष्याने तेच हिंदीत सांगितलं. गरज नव्हती. तो शब्द आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो.

खोकला उन्हाळ्यापासून होता. लाँड्रीत कापडाचा भुगा उडतो, त्यानेच असेल म्हणून गावाहून आणलेल्या औषधांच्या पिशवीतली गोळी घ्यायचे. चार दिवस बरं, की परत सुरू. मग संध्याकाळचा ताप आला, उशी घामाने भिजायला लागली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शंका मलाही होती. पण मी सातवीत शाळा सुटलेली बाई. सईचे बाबा लांब रेजिना शहरात कामाला गेले ते तिकडचेच झाले. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, असला म्हणून काय, आजारी बाईला सरकार परत पाठवणार आणि पोरगी इथे राहणार, हेच डोक्यात. म्हणून गप्प बसले.

फक्त माझं ताट, वाटी, पेला वेगळा केला. आमच्याकडे आजी हेच करायची. सईला उष्टं देणं बंद केलं, ताट उकळत्या पाण्याने धुवायला लागले. मला वाटलं, पोरगी वाचली.

एक दिवस दीदींना माझ्या रुमालावर रक्त दिसलं.

"भुगा आहे दीदी," मी म्हटलं.

"चद्दर सफेद, भुगा लाल?" हातातली घडी तशीच ठेवून त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या आजीच्या आईला इंग्रजांनी करारावर फिजीला उसाच्या मळ्यात नेलं होतं. तिथे बाई आजारी पडली तर साहेब तिला मळ्याच्या दवाखान्यात कोंडायचा, आणि पडून काढलेले दिवस कराराला जोडायचा. म्हणून बाया खोकत खोकत ऊस तोडायच्या, कोणाला सांगायच्या नाहीत. आजीची आईही तशीच गेली. तिच्या कुशीत झोपणारी धाकटी लेकही गेली.

"ऊ साहेब कबके मर गइस," दीदी म्हणाल्या. "तुम अब्बी तक ऊसे काहे डरे है?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून नेलं.

हॉस्पिटलात मला आयसोलेशन रूममध्ये ठेवलं. म्हणजे एकटीची खोली, तिची हवा दुसऱ्या पेशंटकडे जात नाही. स्प्युटम टेस्ट झाली, म्हणजे थुंकीची तपासणी. सई दीदींकडे. मी पहिला प्रश्न विचारला, "मला परत पाठवणार?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही. गोळ्या इथेच घ्यायच्या, बरंही इथेच व्हायचं. औषधाचे पैसे पडत नाहीत."

मग नर्सने घरचं विचारलं. मी ताटाचं सांगितलं, थोडं अभिमानानेच. तिने विचारलं, मुलगी झोपते कुठे? माझ्याजवळ. खिडकी? आमच्या बेसमेंटला, म्हणजे तळघराला, एकच आहे, थंडीसाठी प्लास्टिक लावून बंद केलेली. नर्स हळूच म्हणाली, "टीबी ताटातून जात नाही. हवेतून जातो."

त्यानंतर माझं दुखणं मला आठवेना. सईच्या हाताला स्किन टेस्टची सुई दिली. ती जागा सुजली तर जंतू अंगात गेलेत असं समजायचं. दोन दिवसांनी फोन आला. "आई, इट्स रेड. लाइक, रिअली बिग."

पण तिचा एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लेटंट टीबी." म्हणजे जंतू आहेत पण झोपलेले. मूल आजारी नाही, तिच्यापासून कोणाला होत नाही, ते जागे होऊ नयेत म्हणून औषध. दीदींचीही तपासणी केली, त्यांना काही नव्हतं.

बायांनो, गावच्या पिशवीतल्या गोळ्यांनी खोकला दबतो, आजार नाही. टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, घाबरू नका. नर्स समोर बसून गोळी गिळायला लावते, त्याचा अपमान मानू नका. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. आणि थंडी असली तरी रोज खिडकी उघडा.

गोळ्या संपल्या त्या रविवारी दीदी घरी आल्या. मांडणीवरचं माझं वेगळं ताट काढून त्यात स्वतःच वरणभात वाढून घेतला.

सई म्हणाली, "दॅट्स आईज सिक प्लेट."

"अब हमार है," दीदी म्हणाल्या आणि लिंबाचं लोणचं मागितलं.

आता सई बरी आहे, मी कामावर आहे, खिडकीचं प्लास्टिक कधीच फाडलं. राहिली एकच गोष्ट. दीदींच्या आजीची आई कुठल्या गावची, हे त्यांच्या घरात कोणालाच माहीत नाही. भारतात त्यांना बोलावणारं एकही दार नाही. म्हणून मी सांगलीकडे माझ्या दादाला सांगून ठेवलंय. दीदींना मी माझ्या माहेरी आणणार आहे. वहिनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकेल, मगच आत घेईल. ओटी भरेल. आणि निघताना एसटीच्या खिडकीशी उभा राहून दादा मला विचारतो तेच त्यांना विचारेल, "परत कधी येणार, ताई?"