भोक, लोलक आणि डेप्युटीसाहेब

मास्तरकी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत हो! खडूची धूळ रोज झटकली तरी साचते, तसे ते साचतातच. सोलापूरच्या शाळेत मी सायन्स शिकवायला लागलो, तेव्हाचे हे. दोन वर्षं झाली तरी मी हंगामीच होतो आणि ठरलेलं लग्न त्यापायी अडलं होतं. होणाऱ्या सासरेबुवांचं एकच पालुपद, "आधी कायम व्हा!"

हेडमास्तर म्हणाले, "शाळा तपासायला डेप्युटीसाहेब येतायत, त्यांना तो जुना उन्हाचा प्रयोग दाखवा. खूश झाले की झालात कायम." म्हणजे अंधाऱ्या खोलीत भोकातून ऊन घ्यायचं, काचेच्या लोलकातून भिंतीवर पाडायचं, की सात रंग दिसतात. पुस्तकात सोपं होतं!

* * *

खिडकीच्या झडपेला भोक पाडायचं म्हणून शाळेच्या कमिटीकडे अर्ज केला. दोन मीटिंगा झाल्या. ठराव आला : "भोक मंजूर. मात्र दक्षिणेची झडप नवी असल्याने ते उत्तरेस पाडावे."

"अहो, उत्तरेकडून ऊन येत नाही!" मी कळवळून सांगितलं.

हेडमास्तर म्हणाले, "उन्हासाठी वेगळा अर्ज करा."

* * *

शेवटी शिपाई सिदराम मोठा आरसा घेऊन अंगणात उभा राहिला आणि त्यानं आरशावरून ऊन भोकात सोडलं. भिंतीवर रंग उमटले, मी आनंदानं ओरडलोच! तेवढ्यात रंग गायब. बाहेर धावलो, तर सिदराम आरसा भिंतीला टेकवून फेटा बांधतोय!

"एवढा मोठा आरसा घरी न्हाय की, मास्तर!"

* * *

खोली अंधारी करायला भवानी पेठेतल्या एका विणकर पालकांनी चादरी दिल्या. रंग बघायला स्वतः आले. भिंतीवरच्या पट्ट्यावर अंगठा घासून बघितला.

"लई झ्याक! पर रंग पक्का हाय का?"

* * *

डेप्युटीसाहेब आले त्या दिवशी मात्र ऊन लख्ख, सिदराम जागेवर. साहेबांनी छडीनं एकेक रंग मोजला.

"सहाच? पुस्तकात तर सात आहेत!"

निळ्याशेजारचा पारवा त्यांना वेगळा दिसेना. खरं सांगू? तो मलाही कधी दिसला नव्हता. मी तोंड उघडणार, तोच हेडमास्तर पुढे सरसावले.

"सातवा मागवलाय, साहेब! पार्सल कुर्डुवाडी जंक्शनात अडकलंय."

गेली नोकरी, गेली बायको! मी डोळेच मिटले.

साहेबांनी मान डोलावली. "रेल्वेचं हे नेहमीचंच." आणि शेऱ्यांच्या वहीत लिहिलं : "प्रयोग उत्तम. सातवा रंग पोचताच मास्तरांना कायम करावे."