चाडं मोबाईलमधी सापडंना

बायांनो, आज डोकं उठलंय माझं. उद्या नातीची परीक्षा. तिच्या कवितेत आई मूठभर ज्वारी चाड्यात सोडते, अन् दाणे नळ्यांतनं मातीत जातात. पोरगी तासभर मोबाईलच चाळतीय. "आजी, चाडं म्हंजे काय, सापडंना!"

म्या म्हनलं, "अगं, पुढची ओळ वाच की. दाणे कुठनं कुठं गेले?"

वाचून म्हनली, "आजी, खाली भोकं असलेली वाटी?"

"व्हय गं माझी बाय!" असा जीव हरखला! आमच्या बावडा गावच्या रानात पेरताना बैलं ओढत्यात त्या पाभरीमागं चालत चाड्यावर मूठ धरलीय म्या.

तर तिचा बाप म्हनतो, "मोबाईलवर खात्री कर."

तुमच्याबी घरात असंच हाय का? समोर बसलेली म्हातारी दिसत न्हाय व्हय?