डाव्या कानाची साक्ष

मयताचे नाव: यशवंत मेश्राम, वय बावन्न, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम सांता क्लारा, कॅलिफोर्निया. घटनेची वेळ: सन १९८६, मार्चमधील एक मंगळवार, सकाळची पाळी. ठिकाण: पत्रा ठोकण्याच्या कारखान्याचे मागील गोदाम. साक्षीदार: शेजारच्या यंत्रावरील कामगार रामोन. लिहिणार: मयताचा मावसभाऊ वामन, शिक्षण सातवी, नागपुरास कचेरीबाहेर एकोणीस वर्षे अर्जलेखन, आणि गेली सहा वर्षे या देशातील मराठी कुटुंबांचे कागद करून देणारा. माझा मजकूर वरिष्ठांनी परत पाठवला, असे सहसा घडलेले नाही. या मराठी पुरवणीसाठी शोकाचा मजकूर मात्र प्रथमच लिहीत आहे. तो अर्जासारखा वाटल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बातमी यशवंतदादांच्या मुलीने, सुजाताने, फोनवर दिली. "काका, बाबांना फोर्कलिफ्टने... तुम्ही या. आत्ता या." फोर्कलिफ्ट म्हणजे माल उचलणारी गाडी, पुढे दोन लोखंडी दात असलेली. ती मागे येत असता तिने दादांना भिंतीशी दाबले. इस्पितळात मी चादर उचलली. छातीच्या जागी छाती नव्हती. चेहरा मात्र शाबूत होता, आणि त्यावर भीती नव्हती, चीड होती. ती चीड मी ओळखत होतो.

या देशात आल्यापासून दादा पत्र्याच्या प्रेसवर होते. दर काही सेकंदांनी घणाचा एक आघात, आणि तो वर्षानुवर्षे. प्रथम सुजाताचे बोलणे तुटक ऐकू येऊ लागले, मग पक्षी गेले, मग फोनची घंटा गेली; आणि रिकाम्या झालेल्या जागेत एक शिट्टी शिरली, ती थांबेना. डॉक्टर म्हणाले, ही जाणार नाही. त्या वर्षी दादांनी कपाटावर कपाळ आपटून रक्त काढले. भांडी घासण्याचा आवाज असह्य होऊन ताटे अंगणात भिरकावली. कानाचे नवे मशीन हातोडीखाली घालून त्याचा भुगा केला आणि मालतीवहिनींना म्हणाले, "हे मला जग ऐकवत नाही, शिट्टीच मोठी करून ऐकवतं." वहिनींनी भुगा केरात भरला आणि दुसरे मशीन आणविले. तेही तीन महिने डब्यात पडून होते.

मग हळूहळू ते शहाणे झाले. कसे, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. "वामन, हा पाहुणा जायचं नाव घेत नाही. रोज हाकलून मीच दमलो. आता तो त्याच्या खोलीत, मी माझ्या." दोन स्टेशनांच्या मधोमध रेडिओ लावून त्याची खरखर हलकीशी चालू ठेवीत, तीत शिट्टी बुडून जाई आणि झोप लागे. मशीन लावू लागले. पाहुण्यांकडे भिंतीला पाठ करून, दिव्यासमोर बसत आणि स्पष्ट सांगत, "तोंडावरचा हात काढा, मला तुमचे ओठ लागतात." हाक मारायची तर वहिनी टेबलावर दोनदा थाप मारीत. हसू परत आले. एका जेवणावळीत क्युपर्टिनोच्या एका इंजिनिअरने चाचणी म्हणून त्यांच्या कानामागे टाळी वाजवली. दादांनी त्याचे मनगट असे पिरगाळले की तो खुर्चीवरून खाली आला. "टाळ्या डासांसाठी ठेवा साहेब," ते म्हणाले, आणि त्याला भाजी वाढली.

आता माझ्या कृत्याकडे येतो. प्रेसवर धोक्याची घंटा बारीक आवाजाची होती. ती दादांना ऐकू येत नसे. घंटेसोबत पेटणारा एक पिवळा दिवा मिळावा, एवढीच त्यांची मागणी. मी मराठीत सांगितले, सुजाताने इंग्रजीत टाइप केले: "अर्जदारास दोन्ही कानांनी यत्किंचितही ऐकू येत नाही. कानाशी तोफ डागली तरी कळणार नाही." सुजाता थांबली. "पण काका, हे ट्रू नाहीये. बाबांना डीप आवाज कळतात." दादाही म्हणाले, "डावा कान अजून जिवंत आहे रे." मी म्हणालो, "दादा, अर्जात अर्धा कान चालत नाही." ते हसले आणि सही केली. आठ दिवसांत दिवा बसला. ते मी चार घरी अभिमानाने सांगितले.

दादा गेल्यावर कारखान्याचा अहवाल आला. "हॉर्न वाजविण्यात आला होता. मयत स्वतःच्या लेखी कबुलीनुसार पूर्ण बहिरा असल्याने त्यास तो ऐकू आला नाही." सोबत पुरावा म्हणून माझा अर्ज.

रामोन घरी आला, टोपी हातात घेऊन. तो सुजाताशी बोलला आणि तिने मला सांगितले. त्या गाडीचा हॉर्न तीन आठवडे बंद होता, आणि ही गोष्ट प्रथम दादांच्याच लक्षात आली होती. जाड, घोगरा हॉर्न. कारखान्यातला तेवढाच आवाज त्यांचा डावा कान टिपत असे, म्हणून तो गेला हे त्यांनाच कळले. त्यांनी सुपरवायझरला सांगितले. तो सर्वांदेखत म्हणाला, "बहिरा सांगतोय हॉर्न वाजत नाही. उद्या आंधळा सांगेल, दिवा विझलाय." सगळे हसले. "मीपण हसलो," रामोन म्हणाला.

सुजाता एवढेच म्हणाली, "ते सेंटेन्स मीच टाइप केलं होतं, काका." वहिनींनी अहवाल माझ्यासमोर ठेवला. "भाऊजी, माणूस गेलं. पण आपल्या चुकीनं गेलं, असं कागदावर राहू देऊ नका."

सबब, या पुरवणीच्या वाचकांसमोर आणि कारखान्याच्या व्यवस्थापकांसमोर मी निवेदन करतो की अर्जातील ते वाक्य खोटे आहे. सही दादांची असली तरी वाक्य माझे आहे. दोष द्यायचा तर वाक्याच्या धन्यास द्यावा. यशवंत मेश्राम यांना हॉर्न ऐकू येत असे. त्या दिवशी तो वाजला नाही. ज्या कोणी तो ऐकला असेल, त्याने आपल्या नावानिशी तसे लिहून द्यावे. आणि असा एकही मनुष्य न मिळाल्यास अहवालातील ती ओळ खोडून शुद्ध प्रत द्यावी. उत्तर लेखी असावे, आणि ते माझ्या नावे नव्हे, श्रीमती मालती यशवंत मेश्राम यांच्या नावे पाठवावे, ही विनंती.